पपईची लस
पपईच्या फळावर गोल वळी उमटली, की बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. खानदेशालाही हा रोग ओळखीचा. मावा हा विषाणू झाडोझाडी नेतो, औषध नाही. १९९२ साली तो हवाईतील पुना भागात शिरला आणि बागा उजाड होऊ लागल्या. डेनिस गोन्साल्व्हिस यांच्या चमूने लस टोचावी तसा विषाणूच्याच आवरणाचा जनुक पपईत घातला. १९९८ मध्ये ‘रेनबो’चे बियाणे शेतकऱ्यांना मोफत मिळाले, बागा वाचल्या.

आपल्याकडे २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसाला मात्र गुलाबी बोंडअळी पुढे पुरून उरली. जनुक म्हणजे ताईत नव्हे. कीड बदलते, विषाणूही बदलतो. म्हणून वाण दिल्यावरही राखण चालूच ठेवावी लागते. ती नुसत्या विक्रेत्यावर सोपवून कशी चालेल? सार्वजनिक संस्थांनी वाण घडवावेत, कसून तपासावेत. मग नुसत्या भयापोटी दार लावू नये, आणि जाहिरातीला भुलून उघडूही नये.