विचारांच्या वाटेवरील जकातनाके

सातारा-सांगलीकडील एखाद्या महाविद्यालयाने परदेशातील अभ्यासकाला परिषदेस बोलावायचे ठरवले, तर नुसते निमंत्रणपत्र पुरत नाही. पाहुण्याला परिषदेचा व्हिसा हवा, आयोजकांना परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय संमती हवी. पाकिस्तान, अफगाणिस्तान अशा देशांतील प्रतिनिधी असल्यास गृहमंत्रालयाची मंजुरी निराळीच. दिल्लीतील धनिक संस्थेला या खटपटीसाठी माणसे नेमता येतात. ग्रामीण महाविद्यालयात ती तास घेणाऱ्या प्राध्यापकाच्याच माथी येते. अर्थशास्त्र ज्याला स्थिर खर्च म्हणते तो हाच. तो लहानाला नेहमी अधिक जड जातो आणि ज्ञानव्यवहारातही मक्तेदारी निर्माण करतो.

हा प्रश्न परिषदांच्या मिरवणुकीचा नव्हे. मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट १९७० च्या सुमारास ब्राह्मणेतर चळवळीच्या संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या. वाळवे तालुक्यातील कासेगावी त्यांनी संसार मांडला, १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावीच निवर्तल्या. सत्यशोधकांचा आपला वारसा त्यांनी जगाच्या अभ्यासकांपुढे ठेवला. त्यांना दारातूनच परत धाडले असते तर नुकसान कोणाचे झाले असते?

अलीकडे मात्र दारे बंद करण्याकडेच सत्तेचा कल दिसतो. जुलै २०१८ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई अभ्यासांच्या परिषदेसाठी पाकिस्तानी विद्वानांना व्हिसा नाकारण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक शासनाच्याच निमंत्रणावरून राज्यघटनाविषयक परिषदेस आलेल्या प्रा. निताशा कौल यांना बंगळूरच्या विमानतळावरून परत पाठवले गेले. जानेवारी २०२१ च्या आदेशाने तर शासकीय विद्यापीठांच्या काही विषयांवरील ऑनलाइन परिषदांनाही पूर्वपरवानगीची अट घातली होती. विज्ञान अकादमींनी विरोध नोंदवला आणि पुढच्याच महिन्यात आदेश मागे घ्यावा लागला.

श्रीमंत राष्ट्रेही आपल्या अभ्यासकांशी असेच वागतात. शेंगेन देशांनी जून २०२४ पासून अर्जशुल्क ९० युरो केले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. त्याविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार मिळवायचा, तर आधी आपले दार उघडले पाहिजे.

देशाच्या सुरक्षेची जबाबदारी शासनाची आहे, हे कोणीच नाकारत नाही. परंतु सुरक्षेच्या नावाखाली मतभेदाची तपासणी होऊ नये. म्हणून अर्जाचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, नकाराचे कारण लेखी मिळावे आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी. शिवाजी विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी या कामाचा साहाय्य कक्ष चालवावा. कार्यकर्त्यांनी या मागण्या अधिसभेपासून संसदेपर्यंत नेल्या पाहिजेत. मालाच्या आयातीला मोकळे रान आणि विचारांच्या आयातीला जकातनाके, हे धोरण लोकशाहीला शोभणारे नाही.