गाडी, मणका आणि ऑपरेशनची तारीख

आपल्या वाशीम जिल्ह्यात मोटरसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती भाकरीची सोय झाली आहे. खेड्यातला मिस्त्री मंगरुळपीरला कामावर जातो तो गाडीवर, दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून रिसोडला येतो तो गाडीवर, आणि आजारी आईला वाशीमच्या दवाखान्यात आणायचे तर तेही गाडीवरच. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पण त्या गुळगुळीत रस्त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. आपल्या वाट्याला जुने रस्ते आले आणि त्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा हिशेब आपली कंबर ठेवीत असते.

वाचक बंधू-भगिनींनो, हा हिशेब आता आमच्याही नावावर निघाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका गावची बैठक आटोपून रात्री परतताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आमची गाडी आदळली आणि आम्ही कमरेवर पडलो. हाड मोडले नाही. पण आठ दिवसांत कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली. तपासणीत निघाले की, कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर दाब आला आहे. आता ऑपरेशनची तारीख ठरली आहे. या काळात आम्ही जे विचारले, वाचले आणि समजून घेतले, ते आपल्या घराघरांत उपयोगी पडेल म्हणून येथे मांडीत आहोत.

आपल्याकडे "मणक्यात गॅप पडला" असे सर्रास म्हणतात. खरे पाहता गोष्ट उलटी आहे. माणसाच्या पाठीत एकावर एक रचलेले २४ सुटे मणके असतात आणि त्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट व आतला गर मऊ असतो. गादी वाळली की दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, कमी होते. आणि कडे फाटून गर बाहेर आला की शेजारची नस दाबली जाते. दुखणे कमरेत असते, पण कळ पायात जाते ती यामुळे.

उसण भरली, चमक भरली की गावात पहिला सल्ला मिळतो तो पायाळू माणसाची लाथ खाण्याचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या पायात गुण असतो अशी समजूत आहे. कोणी बिब्ब्याचा चटका देते, कोणी पाठीवर उभे राहून मणका बसवून देतो म्हणते. साधी उसण चार दिवसांत आपोआप उतरते आणि नाव लाथेचे होते. परंतु गादी फाटलेली असताना पाठीवर लाथ बसली, तर दाबलेली नस कायमची जायबंदी होऊ शकते. हे प्रयोग कोणीही करून घेऊ नयेत.

दुसऱ्या बाजूला ऑपरेशनची घाईही करू नये. एमआरआयच्या कागदावर गादी सरकल्याचे लिहिले म्हणजे ऑपरेशन आलेच असे नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठीचा काहीही त्रास नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांची किमान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे उपचार करायचा तो माणसाचा, फोटोचा नव्हे. पायात जाणारी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत औषध, बेताची हालचाल आणि व्यायामाने पुष्कळ कमी होते. महिना महिना खाटेवर पडून राहण्याचा जुना सल्लाही आता डॉक्टर देत नाहीत. एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू चालू लागावे, हे बरे.

२००७ साली हॉलंडमधल्या डॉक्टरांनी अशा २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे ऑपरेशन लवकर केले, काहींना थांबवून ठेवले. ज्यांचे लवकर केले त्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचे सांगत होते. थांबवलेल्यांपैकी मात्र १०० मागे ३९ जणांना पुढे ऑपरेशन करावेच लागले. म्हणजे थांबणे हा भित्रेपणा नाही आणि ऑपरेशन करणे हा पराभव नाही. मात्र ज्यांच्या पायातली ताकदच गेली होती, असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

कारण काही खुणा अशा आहेत की तेथे थांबणे म्हणजे पाय गमावणे. गाडीच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर तो दिवस वाट पाहण्याचा नाही. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. लाजेपोटी आपल्या आया-बहिणी हे घरात बोलत नाहीत. तेव्हा कंबर दुखणाऱ्या बाईला हे प्रश्न घरच्यांनीच विचारले पाहिजेत. मागच्या सीटवर एका बाजूला पाय टाकून, कडेवर लेकरू घेऊन बसणाऱ्या बाईची कंबरही प्रत्येक खड्ड्यात पिळवटते. तिचे दुखणे घरात मोजले जात नाही एवढेच.

आमच्या बाबतीत कळ कमी झाली, पण खूण निराळीच दिसली. चालताना डाव्या पायातली चप्पल निघून पडायची आणि कळायचे नाही. गिअर टाकताना पंजा उचलेना. डॉक्टरांनी टाचेवर चालून दाखवा म्हटले. उजव्या टाचेवर जमले, डाव्यावर जमले नाही. दुसऱ्या महिन्यात पंजा आणखी कमजोर झाला.

आम्ही वाणिज्य शाखेचे आणि पोटाने कारकून. वहीचे एक पान उभे दुभागले. एका बाजूला ऑपरेशनचा धोका लिहिला: जखमेत जंतू होणे, नसेला इजा, नसांवरचे आवरण फाटणे, काही जणांची तीच गादी पुन्हा सरकणे, कित्येक आठवड्यांची रजा. दुसऱ्या बाजूला न करण्याचा धोका लिहिला: पंजा कायमचा लुळा पडणे, गाडी सुटणे, गाडीबरोबर गावोगावच्या बैठका सुटणे, आणि भर रस्त्यात पायाने दगा दिला तर मागे बसलेल्याचाही जीव जाणे. आई म्हणते करू नका, पत्नी म्हणते करून टाका. दोघींनाही ते पान वाचून दाखविले. दुसऱ्या एका डॉक्टरांचेही मत घेतले. दुसरी बाजू जड निघाली.

"पाठीला सुरी लागली की माणूस जन्माचा खाटेवर" ही भीती आपल्यात खोल आहे. म्हणून एवढे समजून घ्यावे की, मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. आमचे ऑपरेशन त्या खालच्या भागातले आहे. सरकलेली गादी ऑपरेशनने काढता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली जगापुढे मांडले. आज सूक्ष्मदर्शकातून लहान छेदाने फक्त सरकलेला तुकडा काढता येतो आणि बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत चालू लागतात. धोका शून्य नाही, परंतु ऐकीव गोष्टींएवढा मोठाही नाही.

याहून कितीतरी अवघड ऑपरेशनला सामोऱ्या गेलेल्या दीपा मलिक यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांना लहानपणापासून मोटरसायकलचे वेड. १९९९ साली पती कारगिलच्या लढाईत असताना त्यांच्या मणक्यातल्या गाठीवर तीन शस्त्रक्रिया झाल्या, १८३ टाके पडले आणि छातीखालचे शरीर निकामी झाले. पुढे अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, राहून त्यांनी खानावळ चालवली, महाराष्ट्राकडून खेळल्या, स्वतःसाठी खास बनवून घेतलेली गाडी चालवली आणि २०१६ साली रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. प्रत्येकाने पदक आणावे असे आम्ही म्हणणार नाही. पण मणका गेला म्हणजे माणूस संपला, हे वाक्य आपल्या घरात कोणी उच्चारू नये.

आता पैशाचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पिवळ्या, केशरीप्रमाणे पांढऱ्या शिधापत्रिकेलाही ते लागू आहे. मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. शेत गहाण टाकण्याच्या किंवा सावकाराकडे जाण्याच्या अगोदर अकोला, यवतमाळ, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत: त्रास याच गादीमुळे आहे हे कशावरून? फक्त तुकडा काढणार की स्क्रूही बसवणार, आणि का? नाही केले तर काय होईल? योजनेबाहेर खर्च किती? गाडी केव्हा चालवता येईल? प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. तो आपला हक्क आहे.

गाडीबद्दल आम्हाला मिळालेले उत्तर असे: जोराचा ब्रेक न दुखता दाबता आला आणि शंभर-सव्वाशे किलोची गाडी पायांवर तोलता आली, की मगच. तोवर किक मारणे नाही, डबल स्टँडवर ओढणे नाही. ज्यांची कंबर आज धड आहे त्यांनीही साइड स्टँडच वापरावा, शॉकअप बसले असतील तर बदलावेत, मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवावे आणि लांब जाताना अर्ध्या-पाऊण तासाने उतरून चार पावले चालावे. कमरेचा पट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस बांधावा.

आणि एक कळकळीची विनंती. रस्त्यात कोणी पडलेला दिसला, पाठ-मान दुखते म्हणाला, तर त्याला दोघांच्या मध्ये गाडीवर बसवून नेऊ नका. हातपाय धरून उचलू नका. सरळ राहू द्या आणि १०८ वर फोन करा. मणक्याचे पुष्कळ नुकसान पडल्यानंतरच्या उचलाउचलीत होते.

पुढील काही अंकांत या सदराची जागा रिकामी दिसली तर वाचकांनी काळजी करू नये. प्रकृतीची विचारपूस करायला घरी येणाऱ्यांना एकच सांगणे आहे. फळे आणू नका. आमच्या भागातल्या तीन गावांच्या बैठका ठरलेल्या आहेत, त्या आमच्याऐवजी कोणीतरी घ्या. हेल्मेट घालून जा आणि उजेड असेतो परत या.