देवळास खाते, वाड्यास वाली नाही

पेशवाईतील सरदार गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ साली उभारलेल्या सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले चिरे उतरवून, त्यांच्या जागी नवा काळा पाषाण घडवून बसविण्याचे जे काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतले, ते पाहता नाशकात जीर्णोद्धाराची विद्या अद्याप जिवंत आहे, याविषयी शंका उरत नाही. हे भाग्य, सरकारवाड्यासारखा संरक्षित अपवाद वगळता, वाड्यांच्या वाट्यास आलेले नाही. घडीव दगडांचे जोते, सागवानी खांब, त्यांवरचे कोरीव हस्त, चौकातले तुळशीवृंदावन हे सारे ज्या जुन्या नाशकात गल्लोगल्ली होते, तेथे सामाईक मालकी, तुटपुंजे भाडे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कज्जे यांनी दुरुस्ती अडवून धरली. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ‘धोकादायक’ म्हणून महापालिकेची नोटीस लागलेली मिळकत एकदा कोसळली वा विकली गेली, की तिचे सागवान जुन्या बाजारात जाते व दस्तऐवजांखेरीज मागे काही उरत नाही. गोदापात्रातील प्राचीन कुंडेही काँक्रीटखाली गाडली गेली. ती मोकळी व्हावीत म्हणून नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. वाड्यांची निदान नोंद तरी उरावी, म्हणून ज्या वाचकांच्या संग्रही जुन्या वाड्यांचे नकाशे, छायाचित्रे वा कागदपत्रे असतील, त्यांनी त्यांच्या प्रती आमच्याकडे अवश्य धाडाव्यात.