ताळा जुळेपर्यंत

खानदेश म्हटले की परक्याला उन्हाळा आठवतो. परंतु डिसेंबर उजाडला की अंजनीकाठच्या एरंडोलात पहाटेचा गारवा हाडांपर्यंत पोहोचतो आणि घरोघरी पेट्यांतले स्वेटर बाहेर निघतात. हातांचे कसब या गावाला नवे नाही. येथील जाडाभरडा देशी कागद एके काळी नावाजलेला होता. त्याच गावातील एका निवृत्त कापड दुकानदारांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रथमच विणकामाच्या सुया हाती घेतल्या.

त्यामागे छंदाची हौस नव्हती. त्यांच्या पत्नी दर हिवाळ्यात घरातील मुलांसाठी स्वेटर विणीत. पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात मंदावला आणि बोलणे तुटक झाले. नातवाचा अर्धवट स्वेटर सुयांसह टोपलीत तसाच पडून राहिला. तो बाहेरून पुरा करून घ्यावा, असे सूनबाईंनी सुचविले, तेव्हा त्यांनी काही न बोलता भिंतीकडे तोंड फिरविले. त्या रात्री पतीने टोपली खाली काढली आणि म्हटले, "अगं, मला शिकव."

पहिली आज्ञा झाली ती अशी, की त्या स्वेटरला हात लावायचा नाही. नवशिक्याने आधी साधा मफलर विणावा. धागा फिकट रंगाचा व गुळगुळीत असावा, म्हणजे प्रत्येक टाका स्पष्ट दिसतो. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा बहुधा अॅक्रिलिकचा असतो. शिकण्यास तो पुरेसा आहे. सुया सहा क्रमांकाच्या आल्या. येथे पहिला गोंधळ झाला. आपल्याकडील मापात क्रमांक वाढला की सुई बारीक होते, हे त्या गृहस्थांना उलटेच वाटले.

जन्मभर कापड मोजणाऱ्या माणसाला कापडाचीच नवी ओळख झाली. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. विणकामात मात्र एकच धागा असतो आणि त्याच्या एका फासातून दुसरा फास ओढला जातो. म्हणूनच ते ताणले जाते, अंगाला बसते आणि टोक ओढले तर उसवतेही. सुलट आणि उलट हे दोनच टाके. तेही एकाच टाक्याच्या दोन बाजू. सारी नक्षी त्या दोघांच्या फेरफारातून जन्मते.

सांगणे सोपे, करणे कठीण! फास इतके आवळले जात की सुई आत शिरेना. "सैल... अहो, सैल ठेवा," एवढेच पत्नी म्हणत. तीस टाक्यांनी आरंभ केला होता. दहाव्या ओळीअखेर ते तेहतीस भरले. दुकानदार चकित झाले. रोजमेळात रक्कम घटली तर ती कोठे गेली हे शोधता येते. येथे जमाच वाढली होती! ओळीच्या आरंभी धागा सुईवरून मागे जाई, त्यामुळे एका टाक्याचे दोन दिसत आणि दोन्ही विणले जात. जमा जास्त झाली तरी चूक ती चूकच. तेव्हापासून प्रत्येक ओळीनंतर मोजणी सुरू झाली.

शेजाऱ्यांना हसू आले. पुरुषाने सुया धराव्यात? परंतु युरोपात विणकरांचे जे व्यवसायसंघ होते, त्यांत प्रामुख्याने पुरुषच असत आणि तरुणांना वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे. मोजे विणण्याचे पहिले यंत्र 1589 साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी बनविले. सुयांवरच्या विणकामाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे आहेत. कापूस पिकविणाऱ्या खानदेशाला ही कला परकी मानण्याचे कारण नाही.

खरी कसोटी पुढे आली. मफलर हातभर झाला आणि खाली चाळीस ओळींवर एक भोक दिसले. गळलेला टाका शिडीसारखा खाली उतरला होता. सुईदोऱ्याने ते भोक शिवून टाकावे, असे त्यांच्या मनात आले. दुकानातही अशा चुका त्यांनी झाकल्या होत्या आणि नोकरांवर ढकलल्या होत्या. पत्नीने मान हलविली. "उसवा."

"चाळीस ओळी?"

"चूक... तिथे आहे ना?"

बाराशे टाके उसवले. क्रोशाच्या सुईने गळलेला टाका वर आणता येतो, हे पत्नीला ठाऊक होते; त्यांनी ते नंतर सांगितले आणि त्या हसल्या. आजारानंतरचे ते पहिले हसू. उसवलेला धागा वाकडातिकडा झाला होता, पण तुटला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने गुंडा धरला, पतीने तो गुंडाळला. त्या संध्याकाळी त्या जेवढ्या बोलल्या, तेवढ्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या. शिकविणाऱ्याला शब्द शोधावेच लागतात.

साडेसात इंच रुंद आणि साठ इंच लांब मफलर म्हणजे सुमारे 480 ओळी, 14,400 टाके. संक्रांतीच्या सुमारास तो पुरा झाला. एक टोक किंचित अरुंद राहिले. तरी पहाटे फिरायला जाताना ते तोच गळ्यात घालीत.

मग पत्नीने टोपलीकडे बोट केले. नातवाच्या स्वेटरची ओळ मध्येच थांबलेली होती. झटका आला त्या दुपारी हात जेथे थांबला, तेथेच. पुढचा टाका सुलट की उलट, हे त्यांनी विचारले नाही. सुईवरचे टाके निरखले, आडवी गाठ दिसली, उलट टाका ओळखला आणि विणला.

पत्नी मोजत होत्या. ओळ संपली तेव्हा ताळा जुळला होता.