घाट चढणाऱ्यांस आणि न चढणाऱ्यांस



पावसाळा उतरणीला लागला आणि कासच्या पठारावर फुलांचा हंगाम सुरू झाला, म्हणजे सप्टेंबरातील एका रविवारी, पुरते फटफटण्यापूर्वीच, सातारा शहरात हजारो धावपटू एकत्र जमतात आणि समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढून, कासच्या रस्त्याने काही अंतर जाऊन, त्याच घाटाने परत येतात. २०१२ साली सुरू झालेल्या या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने २०१५ साली डोंगरी धावण्यातील सहभागाचा जागतिक विक्रम गिनेसच्या दप्तरी नोंदविला. सातारकरांबरोबर कराड, तासगाव, मिरज, सांगली येथील मंडळीही तिच्यासाठी महिनोन्‌महिने पहाटे उठून मेहनत घेतात. त्या सर्वांस, आणि घरी राहून त्यांचे कौतुक करणाऱ्या आम्हां सर्वांस, यंदा एक विनंती करावयाची आहे. वयाच्या १५ ते ३९ या वर्षांत ज्यांना कर्करोगाने गाठले, अशा आपल्याच सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील तरुण-तरुणींच्या उपचारकाळातील खर्चासाठी प्रत्येक धावपटूने आपल्या धावण्याच्या नावाने वर्गणी गोळा करावी, आणि जे धावणार नाहीत त्यांनी ती मुक्तहस्ताने द्यावी.

याच वयाचा आग्रह का, असे कोणी विचारील. लहान मुलाच्या आजाराने कोणाचेही काळीज हलते आणि त्याच्यासाठी झटणाऱ्या संस्थाही आज पुष्कळ आहेत. वृद्धाच्या पाठीशी बहुधा कर्ती मुले तरी असतात, नाही तर आयुष्यभराची थोडीफार पुंजी असते. परंतु नुकताच नोकरीस लागून घराच्या कर्जाचे हप्ते फेडू लागलेला मुलगा, किंवा कडेवर वर्षाचे मूल असलेली सून, ही ज्या वयात असतात त्या वयात घर त्यांच्या मिळकतीवर आणि कष्टांवर चालायचे असते, आणि नेमके तेच एका दिवसात थांबते. त्यांच्यापुढे आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे शिल्लक असतात, म्हणून ती वाचविण्यासाठी केलेला खर्च मला सर्वांत सार्थकी लागणारा वाटतो.

या वयातील रोगाचे स्वरूपही निराळे असते. रक्ताचा, लसिकाग्रंथींचा, हाडांचा, अंडकोशाचा, थायरॉइडचा, तरुण स्त्रियांत स्तनाचा, आणि आपल्याकडे मावा-गुटख्याच्या पायी तोंडाचा कर्करोग या वर्षांत आढळतो. यांपैकी हॉजकिन लिम्फोमा आणि अंडकोशाचा कर्करोग वेळीच ओळखला गेला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण वेळीच ओळखणे, हीच अडचण आहे. तालमीत जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखू लागला, तर मुका मार लागला असेल अशी घरच्यांची समजूत होते. तेल चोळले जाते, शेक दिला जातो, कोणी जाणता पाय ओढून पाहतो, आणि गुडघ्याच्या वरच्या हाडाशी टणक सूज हाताला लागेपर्यंत, रात्री ठणक्याने झोप उडेपर्यंत, एक्स-रे काढण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ‘या वयात असले काही होत नाही’ या समजुतीने जे महिने जातात, ते पुढे कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने प्रत्येक कुटुंबासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद केली आहे, आणि किरणोपचारांसाठी आता मिरज व कराड येथेच सोय आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. तरीही गुंतागुंतीच्या रोगासाठी मुंबईतील परळची वाट सुटलेली नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे जाणारे आपले लोक पाहावयाचे असतील, तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वेळी सांगलीच्या किंवा माहुलीजवळच्या सातारा स्थानकाच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहावे: कापडाच्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या सीटी स्कॅनच्या फिल्मी, चादरीचे गाठोडे, भाकरीचा डबा, कानटोपीखाली केस गेलेले तरुण डोके, आणि शेजारी फाइल छातीशी धरून बसलेले वडील. रुग्णास रेल्वे स्लीपर वर्गाचे भाडे माफ करते; मुंबईस उतरल्यावर मात्र प्रत्येक गोष्टीस मुंबईचा दर लागतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने असंख्य कुटुंबांस आसरा दिला आहे, पण येणारे अधिक आणि जागा थोडी, यामुळे रुग्णालयाभोवतीच्या पदपथावर रात्र काढणारी कुटुंबे अजूनही दिसतात. औषध शिरेत सोडण्यासाठी दंडातून बसविलेली नळी दर आठवड्याला साफ करून पट्टी बदलावी लागते, त्यामुळे दोन उपचारांच्या मध्ये गावी जाऊन राहणेही सर्वांस साधत नाही. खोलीचे भाडे, दोन माणसांचे जेवण, बुडालेली मजुरी, कॉलेजची चुकलेली वर्षे, पाय गमवावा लागल्यास चांगला कृत्रिम पाय, आणि ज्याविषयी आपल्या घरांत संकोचाने कोणी बोलत नाही ती, रसायनोपचार सुरू होण्यापूर्वी पुढील अपत्यप्राप्तीसाठी बीज गोठवून ठेवण्याची तजवीज, हा सारा भार कुटुंबावर पडतो. वर्गणी हवी आहे ती या खर्चासाठी.

शरीराच्या पराक्रमाशी लोकवर्गणीचा संबंध आपल्या भागात नवा नाही. १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. पदक घेऊन आलेल्या खाशाबांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गोष्ट घरोघर सांगितली जाते. मला तिच्याहून मोठी वाटते ती त्यापुढील हकीकत: खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात उतरले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. अंगच्या बळाने दुसऱ्याचे घर सोडवून देण्याची ही रीत इथल्याच मातीतील असल्याने, आज कर्जापायी गहाण पडणाऱ्या घरांसाठी ती पुन्हा का आचरू नये?

दूरदेशीचे उदाहरण सांगावयाचे, तर कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे सांगितले पाहिजे. हाडाच्या कर्करोगामुळे १८व्या वर्षी, १९७७ साली, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात शेजारी पाहिलेल्या लहान मुलांच्या यातना त्याला विसरता येईनात, म्हणून संशोधनासाठी निधी जमविण्याच्या हेतूने तो १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिकच्या किनाऱ्यावरून कृत्रिम पायाने धावत निघाला, आणि रोज सरासरी सुमारे ३८ किलोमीटर याप्रमाणे १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी जून महिन्यात, वयाच्या २२व्या वर्षी, तो निवर्तला. देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा, ही त्याची इच्छा त्याच्या हयातीतच पुरी झाली होती.

एक डॉलरचे जे मोल, तेच आपल्याकडे मूठभर धान्याचे. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे गावोगावच्या स्त्रियांनी दळणाआधी बाजूस काढलेल्या मुठीमुठीवर चालली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांसाठी अंगावरचे दागिने दिले, हे सातारकरांस मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता व्यवहाराचे. किलोमीटरमागे १० रुपये देणारे २० जण एका धावपटूस मिळाले, तर २१ किलोमीटरांचे ४,२०० रुपये होतात. असे १०० धावपटू निघाले, तर ४ लाख २० हजार. ज्यांनी वर्षभर पाय हलविला नाही त्यांनी भावनेच्या भरात एकदम घाटास भिडू नये. डॉक्टरांचा सल्ला घेऊन अजिंक्यतारा चालत चढावा, सांगलीकरांनी सायकलवरून औदुंबरास जावे, वर्गणी तेवढ्याच मानाने मागावी. ही रक्कम कोणत्याही नव्या समितीच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने गोळा केली त्याने ती टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे किंवा हिशेब तपासून घेणाऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे परस्पर जमा करावी, सोबतच्या पत्रात हा निधी सातारा-सांगलीतील १५ ते ३९ वयाच्या रुग्णांसाठी असल्याचे लिहावे, आणि पावतीची नक्कल प्रत्येक देणाऱ्यास दाखवावी. वर्गणीसाठी कोणत्याही रुग्णाचे छायाचित्र फलकावर लावू नये. बरे होऊन ज्याला नोकरी शोधावयाची आहे, जिचे लग्न ठरावयाचे आहे, त्यांच्या आजाराचा गावभर डंका पिटण्याचा अधिकार आपणांस नाही. गणेशोत्सव मंडळांनी आपल्या जमेतून काही भाग या कामी काढून ठेवला, तर तोही याच रीतीने पाठवावा.

मुंबईत लालबाग-परळ भागात आणि आसपास पोटापाण्यासाठी गेलेले आपले हजारो जिल्हाबांधव राहतात. त्यांच्याकडे पैशाची मागणी नाही. रसायनोपचाराने रक्तातील प्लेटलेट घटलेल्या रुग्णास त्या वरचेवर द्याव्या लागतात, आणि दिलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, यामुळे निरोप मिळताच तासाभरात पोचू शकेल असा दाता जवळपास असावा लागतो. अशा प्रत्येकाने आपले नाव व रक्तगट रुग्णालयाच्या रक्तपेढीत नोंदवून ठेवावा, आणि ज्याच्या घरी एका माणसाचा डबा वाढविणे शक्य आहे त्याने तसे समाजसेवा विभागात कळवावे.