प्लास्टिकचाच तर हात आहे!



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून सगळ्यात आधी काय उतरतं? डबे! श्रीखंडाचे, दह्याचे, आइस्क्रीमचे, झाकण हरवलेले, 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेले. स्वाध्यायात अपरिग्रह आला की आपण मान डोलावतो, पण घरी येऊन रिकामा डबा धुऊन परत माळ्यावर ठेवतो. मीही त्यातलीच.

म्हणून गेल्या वर्षी अकोल्याहून भाच्याचा फोन आला, "आत्या, तुझ्याकडचे डबे फेकू नको हं, मले लागतात," तेव्हा मला आनंदच झाला. त्याच्या शाळेत हॅलोविन होतं आणि सजावट जुन्या प्लास्टिकचीच करायची होती. दोन पिशव्या भरून अमरावतीहून माहेरी घेऊन गेले.

आपल्या महिला मंडळात यावर मतं ठरलेली आहेत. परक्यांचा सण, भुताखेतांचा, आपल्या घरात नकोच. मला ते तेवढंसं पटत नाही. परकं म्हणावं तर वाढदिवसाचा केक तरी कुठे आपला होता? आणि भुतांचं म्हणाल तर तत्त्वार्थसूत्राचा चौथा अध्याय उघडून बघा. व्यंतर देवांचे आठ प्रकार आहेत आणि त्यात यक्ष, गंधर्व यांच्या रांगेतच भूत आणि पिशाच बसलेले आहेत. तेही संसारी जीवच, आपल्यासारखे कर्माने बांधलेले. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने दह्याच्या पांढऱ्या डब्याच्या भुताला लगेच हसरं तोंड काढलं. डोळ्यांना काळ्या कापडाच्या टिकल्या, केसांना नारळाच्या शेंड्या. छानच झालं होतं ते.

त्यात दिव्यांची माळ सोडायची होती. मी म्हटलं, माळच बरी, पणती ठेवलीस तर डबा वितळेल. आणि तोंडाला मलमल बांध, पाणी गाळायच्या गाळण्यासारखी. पावसाळ्यानंतरचे पाखरं उजेडावर येतात, भोकातून आत शिरतात आणि त्यांना बाहेर पडता येत नाही. सकाळी डबा उघडला तर तळाशी मेलेल्या जीवांचा थर असतो. आकाशकंदिलालाही हे लागू आहे बरं का.

मग त्याने दुसरी वस्तू काढली. तेलाच्या कॅनमधून कापलेला हात. पाच बोटं, मनगटाशी तुटलेला, त्यावरून ओघळणारा लाल ऑइलपेंट. "हे पाय आत्या, रक्त!"

मी म्हटलं, हे नको रे. भावजय हसली. "ताई, प्लास्टिकचाच तर हात आहे."

तिचं वाक्य ऐकलं आणि मला यशोधर राजाच्या आईची आठवण झाली. कथा तुम्हाला माहीत असेल. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही. शेवटी तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करू, त्याचा बळी देऊ. पिठाचाच तर आहे! राजा ऐकतो, तलवार चालवतो. एकही जीव मेलेला नाही, तरी माय-लेक कितीतरी जन्म तिर्यंच गतीत हिंडतात, मोर होतात, कुत्रा होतात, पुढे बोकड आणि खरे कोंबडेही होतात. कारण मारण्याचा संकल्प खरा होता. पुष्पदंतांनी ही कथा दहाव्या शतकात अपभ्रंशात लिहिली, 'जसहरचरिउ'. ती १९३१ साली छापली गेली ती आपल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेतून, प. ल. वैद्यांच्या संपादनाने. इतक्या जवळची गोष्ट आहे.

हिंसेचे चार प्रकार आपण पाठ केलेले असतात. आरंभी, उद्योगी, विरोधी यांतून गृहस्थाला पूर्ण सुटका नाही. संकल्पी मात्र पूर्ण सोडायची. म्हणून तर आपल्या घरांत प्राण्याच्या आकाराचा केक कापत नाहीत आणि साखरेचे हत्ती-घोडे खात नाहीत. मग तुटलेला हात हौसेने रंगवायचा आणि त्याला टाळ्या घ्यायच्या, हे कसं चालेल? हॅलोविनला माझी हरकत एवढीच आहे. तिकडे आयर्लंडात म्हणे आधी सलगम कोरून दिवे करायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. त्यात रक्त नव्हतं, उजेड होता.

भाचा हुशार. म्हणाला, "मग बुद्धिबळात मी घोडा मारतो तं?" मी गप्प. खेळात जिंकायचं असतं, कोणाच्या वेदनेची मजा घ्यायची नसते, असं काहीतरी बोलले, पण त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही पूर्ण झालं नाही. तुमच्याकडे चांगलं उत्तर असेल तर सांगा.

भावजयीलाही तो दिवस आवडला नाही. लेकरू दोन तास बसलं होतं, त्याच्या हौसेवर आत्याने पाणी टाकलं. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, काय करणार आहेस म्हणून. डबे पोचवण्याच्या आनंदात विचारलंच नाही.

शेवटी त्यानेच ठरवलं, भूत शाळेत न्यायचं, हात नाही. हाताचा रंग घासून पाहिला, साबणाने, मग रॉकेलने. निघाला नाही. भंगारवाल्याने बाकीचे डबे घेतले, त्यांच्या बुडाशी त्रिकोणात ५ आकडा होता ते वेगळे काढले, आणि रंगवलेला हात परत आमच्याकडे दिला. रंग लागलेलं पुढे कोणी घेत नाही म्हणाला. म्हणजे जे डबे आपण 'कचऱ्यातून कला' म्हणून चमकी, पेंट आणि गोंद फासून सजवतो, ते दुसऱ्यांदा कामाचे राहत नाहीत. यंदा मी भाच्याला सांगितलंय, कापड बांध, दोरा गुंडाळ, कागद लाव, जे सोडवता येईल ते कर. डबे मी पाठवते.

तो हात अजून भावाच्या गॅलरीत पडला आहे. भावजय त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.