गावीत आणि गामीत

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या यजमानांवर शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी रुग्णालयात दोन परिचारिका रात्रपाळीस असत. एकीच्या नावाच्या पट्टीवर 'गावीत' असे लिहिलेले, तर दुसरीच्या पट्टीवर 'गामीत'. दोघी आपसांत एकाच बोलीत बोलत. गाव विचारता एकीने नवापूरजवळचे सांगितले, दुसरीने उच्छलजवळचे. "ही दोन आडनावे की एकच? आणि आमच्या साऱ्या नात्यागोत्यांत, शेजारीपाजारी हे आडनाव आजवर ऐकलेसुद्धा कसे नाही?" असा त्यांचा प्रश्न आहे. नंदुरबार जिल्ह्यात खडू झिजवण्यात आमचे आयुष्य गेले असल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे आला हे योग्यच झाले. शिवाय या दोन आडनावांशी आमचा स्वतःचा एक जुना हिशेब आहे. तोही या निमित्ताने मांडून टाकू.

प्रथम स्थानाचा विचार. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या नैऋत्य कोपऱ्यात नवापूर तालुका आहे आणि तेथे गावीत हे आडनाव आपल्याकडील जोशी-कुलकर्ण्यांप्रमाणे घरोघरी आहे. ज्या आडनावास पुण्यात लोक दुर्मिळ समजतात, त्याचीच येथील शाळेच्या पटावर इतकी गर्दी असते की हजेरी घेताना बापाचे नाव उच्चारल्यावाचून गत्यंतर नसते. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरील एकाच बाकाचा एक भाग या राज्यात, दुसरा त्या राज्यात. तेथून पश्चिमेस उच्छल, सोनगड, व्यारा हे आजच्या तापी जिल्ह्यातील तालुके लागतात. त्या बाजूस हेच लोक, हीच घरे, हेच डोंगरदेव. परंतु आडनाव मात्र गामीत.

लोकसभेच्या इतिहासात याचे एक मौजेचे उदाहरण आहे. नंदुरबारचे माणिकराव गावीत १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा निवडून आले. पलीकडच्या मांडवी मतदारसंघातून छितुभाई गामीत हेही अनेक वेळा निवडून आलेले. म्हणजे शेजारशेजारच्या दोन मतदारसंघांचे प्रतिनिधी, एकाच समाजाचे, एकाच सभागृहात कित्येक वर्षे बसत होते आणि त्यांच्या आडनावांत अंतर होते ते केवळ एका अक्षराचे.

आता त्या अक्षराकडे वळू. या विषयात आमचा थोडा अभ्यास आहे, म्हणून वाचकांनी किंचित सोसावे. दोन्ही नावे गावावरून आली, गाव वसवून स्थिर राहणारे ते गामीत, असे सर्वसाधारण मत आहे व ते आम्हांस ग्राह्य वाटते. संस्कृत 'ग्राम' शब्दाचे प्राकृतात 'गाम' झाले. गुजरातीने तो 'गाम' तसाच ठेवला. मराठीने मकाराचा वकार करून 'गाव' म्हटले. हा प्रकार एकट्या याच शब्दाचा नव्हे. 'नाम' गुजरातीत नाम, मराठीत नाव. 'कोमल' गुजरातीत कूमळु, आपल्याकडे कोवळे. 'भ्रमर' तिकडे भमरो, इकडे भोवरा. आणि सर्वांत गोड उदाहरण म्हणजे 'सीमा' या शब्दाचेच: गुजरातीत तिची सीम झाली व मराठीत शीव! ज्या शिवेवर म आणि व यांची अदलाबदल होते, त्या शिवेच्या नावातही तीच अदलाबदल झालेली आहे. तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की नाव एकच. एक गुजरातीच्या तोंडातून आले व दुसरे मराठीच्या.

परंतु एवढ्यावर थांबणे हा घाईचा निकाल होईल. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, ती सरहद्द आणि या नावांची सरहद्द तंतोतंत जुळत नाही. नवापूरच्या दक्षिणेस डांग जिल्हा आहे. त्याच्यावर महाराष्ट्र व गुजरात या दोघांनीही हक्क सांगितला होता आणि अखेर तो गुजरातेत गेला. राज्याची सीमाच जर नाव ठरवीत असती तर डांगमध्ये सर्वत्र गामीत आढळावयास हवे होते. प्रत्यक्षात तेथे गावीत हे आडनाव चांगले प्रचलित आहे. डांगचे एक आमदारही मंगळ गावीत हे होते. याचे कारण डांगची बोली मराठीच्या अधिक जवळची आहे. डांग उतरून नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याकडे आलो की पुन्हा गावीत भेटतात, परंतु ते कोकणा जमातीचे. नवापूरच्या मावची गावीतांहून निराळे. म्हणजे एकाच जमातीची दोन आडनावे आणि एकाच आडनावाच्या दोन जमाती, असा दुहेरी गुंता आहे. आपल्यात देशस्थ जोशी, कोकणस्थ जोशी, कऱ्हाडे जोशी असतात, त्यांवरून एकमेकांचे नाते काढू गेल्यास जे हसे होईल तेच येथे होते. आणखी एक गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस चमत्कारिक वाटेल: गावीतांच्या घरी गावीतांचीच मुलगी सून म्हणून येऊ शकते. आडनाव हे येथे समाजाचे नाव आहे. विवाहात पाहावयाचे कूळ त्याच्या आत निराळे असते.

आडनावाचे मूळ घर शोधण्याची एक रीत इंग्लंडात हेन्री गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८९० साली दाखवून दिली. त्यांनी शहरे सोडली आणि परगण्या-परगण्यांतील शेतकऱ्यांचीच नावे मोजली. कारण जमीन धरून बसलेला मनुष्य सहसा हलत नाही. त्या देशात कित्येक आडनावे एकाच खेड्यातून निघालेली आढळतात. आपल्या परिचयाचे उदाहरण थॅकरे या कादंबरीकाराचे. हे आडनाव यॉर्कशायरमधील थॅक्रे या जागेवरून पडले. छपरास घालावयाचे गवत जेथे मिळते तो कोपरा, असा त्याचा अर्थ. ते गाव पुढे फ्यूस्टनच्या जलाशयात बुडाले. गाव गेले, नाव मात्र तीनचार प्रकारच्या वर्णलेखनांनी जगभर राहिले; आणि आपले ठाकरेही इंग्रजीत त्याच कादंबरीकाराच्या अक्षरांनी लिहिले जाऊ लागले, ही आणखी एक गंमत. आमच्याकडेही तापीवर उकाईचे धरण झाले, त्याच्या पाण्याखाली पुष्कळ गावे गेली, आणि गावावरून ज्यांचे नाव पडले त्या लोकांना गाव सोडावे लागले. शिवाय ऊसतोडीसाठी दरवर्षी इकडील कुटुंबे बारडोलीच्या बाजूस जातात. मुलगा एका इयत्तेत या राज्यात व पुढच्या इयत्तेत त्या राज्यात, हे येथे नित्याचे आहे. गप्पीसाहेबांची रीत आमच्या तालुक्यास पुरती लागू पडत नाही ती यामुळे.

आता तो जुना हिशेब.

सन १९८३ चा जून महिना. आम्ही नवापूरच्या बाजूस एका लहानशा शाळेवर होतो. वय तेविशी-चोविशीचे, मॅट्रिकला संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती थोडक्यात हुकलेली, आणि ती हुकल्यामुळेच की काय, संस्कृताचा अभिमान दुप्पट झालेला. एक गृहस्थ धाकट्या मुलाचे नाव घालण्यास आले. थोरला मुलगा मामाकडे, उच्छलच्या बाजूस शिकत होता. आम्ही आडनाव विचारले. ते म्हणाले, गामीत. आम्ही 'गावीत' म्हणालो. ते पुन्हा म्हणाले, गामीत. तेव्हा आम्ही हसून, वर जो मकार-वकाराचा पाठ वाचकांस दिला तोच त्यांना दिला, महाराष्ट्रात राहून गुजराती रूप लिहिणे अशुद्ध होय असे सांगितले, आणि जनरल रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरांत 'गावीत' लिहिले. ते गृहस्थ लिहिणे जाणत नव्हते. गुरुजी म्हणतात त्या अर्थी तेच खरे असावे, अशा मुद्रेने त्यांनी अंगठा उमटवला. आम्हांला त्या दिवशी एक शब्द शुद्ध केल्याचा आनंद झाला होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

छत्तीस वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, तोच मुलगा आमच्या नंदुरबारच्या घरी आला. आता त्याची मुलगी बारावी होऊन परिचारिकेच्या शिक्षणास जाऊ पाहत होती, आणि त्याकरिता जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची होती. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी झाली; आज महाराष्ट्राच्या यादीत गामीत, गामटा, गावीत, मावची, पाडवी ही पाचही नावे एकाच ओळीत आहेत, व गुजरातच्या यादीतही तशीच आहेत. तेव्हा गामीत काय आणि गावीत काय, कायद्यास दोन्ही सारखीच. अडचण जमातीची नव्हती, नात्याची होती. आजोबा शाळेत गेलेले नव्हते, त्यामुळे १९५० पूर्वीचा शाळेचा कागद घरात नव्हता. आधार होता तो एकच: थोरल्या काकांजवळचे पडताळणी झालेले प्रमाणपत्र. ते शाळेपासून नोकरीपर्यंत सर्वत्र गामीत होते. धाकटा भाऊ आमच्या कृपेने गावीत. सख्खे भाऊ आणि आडनावे दोन, तर ते सख्खे कशावरून? प्रश्न विचारणाऱ्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर खऱ्यांच्या जागा बळकावल्या गेल्याचा अनुभव या राज्यास भरपूर आहे. त्याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पडताळणीची कडक पद्धत घालून दिली.

मुलाने (तो आता चाळिशीचा, तरी आमच्या तोंडी मुलगाच येतो) जनरल रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स पुढे ठेवली. अक्षर आमचे होते. 'गावीत' मधील 'वी' ची वेलांटी जरा ऐटीतच काढलेली. तो म्हणाला, "गुरुजी, रागावू नका, पण तुम्ही नाव शुद्ध केलंत ना, तिथं अडलंय."

आम्ही प्रतिज्ञापत्र करून दिले, पडताळणीच्या कचेरीत दोनदा जाऊन आलो, आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले: आडनाव बापाने एक सांगितले होते, आम्ही दुसरे लिहिले, आणि तसे करण्यास आमच्याजवळ कोणताही कागद नव्हता. तेथील अधिकाऱ्यांनी व्याकरणाचे कारण शांतपणे ऐकून घेतले व टिपून ठेवले. प्रमाणपत्र मिळाले, परंतु तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मुलीचे ते वर्ष नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्यात गेले. डोळ्यांची आग होते म्हणून ती दुपारी ओला रुमाल बांधून बसे, असे तिच्या बापाकडून कळले. पुढील वर्षी तिला प्रवेश मिळाला.

त्यानंतर एके दिवशी आम्ही हेमचंद्राचे व्याकरण पुन्हा उघडले. बाराव्या शतकातील हा जैन आचार्य अणहिलवाड पाटणचा, म्हणजे गुजरातचाच. अपभ्रंशात मकाराचा सानुनासिक वकार होतो, हा नियम त्याने सांगितला आहे व आम्ही तो तरुणपणी पाठ केला होता. पण तो नियम विकल्पाचा आहे. व होतो, अथवा म तसाच राहतो. दोन्ही रूपे साधू. गामीत लिहून घेण्यास लागणारी परवानगी आठशे वर्षांपूर्वी मिळालेली होती. आम्ही सूत्र पाठ केले आणि त्यातील 'वा' तेवढा विसरलो.

तेव्हा पुण्याच्या भगिनींना आमची विनंती आहे की त्या दोघी परिचारिका पुन्हा भेटल्यास गावीतबाईंना गावीत व गामीतबाईंना गामीत असेच म्हणावे. त्या एकाच समाजाच्या असतील, कदाचित एकमेकींच्या मामेबहिणीही असतील. ते त्यांनाच विचारावे. पट्टीवरचे अक्षर मात्र दोघींच्या कागदपत्रांशी जुळणारे आहे आणि ते तसेच राहू द्यावे. तिसरी एखादी 'पाडवी' नावाची भेटली तर मात्र आम्हांस पुन्हा पत्र घालावे. त्या नावाचा पसारा निराळा आहे.

भुसावळहून एका सद्गृहस्थांनी 'तडवी' या आडनावाविषयी विचारले आहे. यावल-रावेरकडील बहुतेक तडवी मुसलमान आणि अक्कलकुव्याकडील तडवी तसे नाहीत, हे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याचा विचार पुढील अंकी.